रक्तात काही निघालं नाही

आमच्या भागात रक्त एकदाच तपासतात. कारण लोकांची समजूत अशी की नळीत रक्त गेलं म्हणजे अंगातलं असेल नसेल ते सगळं बाहेर आलंच. शुगर, टायफॉईड, कावीळ, झाडून सगळं. कागदावर ठळक अक्षरात काही छापून आलं नाही, की माणूस धडधाकट. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, उमेदीची वर्षं या एका समजुतीपायी गेली. मला अजून त्याचा संताप येतो, आणि संताप ओसरला की नुसतं वाईट वाटत राहतं.

आक्का सिरसाळ्याकडे दिलेली. घरची शेती, त्यात कापूस. वेचणीच्या दिवसांत तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठायचा. आईनं तो पाहिला आणि लगेच निकाल दिला, "वांग हाय. बाळंतपणानंतर समद्या बायांला होतं." झालं, दुधात जायफळ उगाळून लावणं सुरू. वांग काळपट असतं, त्याची आग होत नाही, आणि आक्का तर उन्हात गाल भाजल्यासारखे होतात म्हणून पदरानं झाकून बसायची. पण आमच्याकडे दुखण्याला एकदा नाव ठेवलं की ते बदलत नाही. पुढं सकाळी तिची बोटं वळेनात. भाकरी ती तळहाताच्या कडेनं थापायची. केस पुंजक्यांनी गळायचे.

सासूनं तिला गावातल्या दवाखान्यात नेलं होतं, हे सासूच्या बाजूनं सांगायलाच हवं. रक्त काढलं. हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी ठीक. सासूनं घरी येऊन अंगणातूनच जाहीर केलं, "रक्तात काई निघालं न्हाई." त्या दिवसापासून आक्का अंगचोर ठरली. भांडून कुणी म्हणालं नाही. जाऊ हसत म्हणायची, दीर हसत म्हणायचा, त्यामुळं उलट उत्तरही देता यायचं नाही. दुपारी जरा आडवी झाली की कुणीतरी विचारायचं, "कावून गं, आज बी आंग भरून आलं का?"

माहेरी आली की मी तिच्या मागं लागायचे, दुसरीकडं दाखवू म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "एकदा तपासलंय की रक्त. आता त्यातनं आनि काय निघनार हाय?"

गेल्या दिवाळीला आली तेव्हा तिचे पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती. मी तिचं काही ऐकलं नाही, सरळ बीडला नेलं. तिथली डॉक्टरीण तिच्या गालांकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "उन्हात गेलं की वाढतं का हे?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. लघवी तिथंच तपासली आणि रक्त पुण्याला पाठवायचं ठरलं.

"माझं रक्त झालंय तपासून," आक्का म्हणाली.

"ते वेगळं, ताई. जे शोधायचं ते चिठ्ठीवर लिहावं लागतं. न लिहिलेलं कुणी शोधत नाही."

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघी डॉक्टरणीसमोर बसलो होतो. एएनए नावाची तपासणी पॉझिटिव्ह, त्याच्या पुढचीही तशीच. डॉक्टरीण सांगत होती, की रोगाशी लढायला रक्तात जी द्रव्यं असतात ती आक्काच्या स्वतःच्याच अंगावर उलटली आहेत, याला ल्युपस म्हणतात. नुसत्या एका पॉझिटिव्हवर ती असं बोलली नसती, पण गाल, सांधे, लघवी, सगळं जुळत होतं. मग ती म्हणाली, किडन्यांना बराच मार बसलाय. लवकर आला असतात तर गोळ्यांवर आवरलं असतं. आता जेवढं वाचेल तेवढं वाचवू.

ती सगळी वर्षं, ते जायफळ, ते हसणं, सगळं एकदम आठवलं. मी आक्काकडं बघितलं, तर तिचा चेहरा उजळला होता.

"म्हंजी निघालं?" तिनं डॉक्टरणीला विचारलं.

"निघालं. पण ताई, किडनीचं मी काय सांगतेय ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की," आक्का म्हणाली. माझा हात तिनं त्या न वळणाऱ्या बोटांत धरला. "मी सोंग करीत नव्हते तर. मलाच वाटाय लागलं व्हतं गं, आपुन अंगचोर हावोत."