मतदान केंद्र खाडी ओलांडून आलं

फोन आईचा होता. कॉलेजच्या वाचनालयात फोन घेता येत नाही, म्हणून मी तो दोनदा कापला. तिसऱ्यांदा जिन्यात जाऊन घेतला. "दाजी गेले गो," आई म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला... घरात रेंज नसते, त्यामुळे ती धक्क्यावर येऊन उभी आहे हे मला कळलं. मी एसटीने पलीकडच्या धक्क्यापर्यंत पोचले तेव्हा होडी लागलेली होती, पण ती धरून दाजींच्या जागी त्यांचा पुतण्या उभा होता. होडीत बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "भरती आसा ता बरा. लोकांका येवक गावतला." माणूस गेला तरी आमच्याकडे आधी पाणी बघतात.

याला आता काही आठवडे झाले. आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, त्यांच्याबद्दल लिही, वर्तमानपत्राच्या पुरवणीत पाठवू. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि अर्जाशिवाय दुसरं काही लिहायची मला सवय नाही. जमेल तसं लिहिते.

आमची वाडी मालवणच्या किनाऱ्यावर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे वाळूची लांबट पट्टी आणि माड. बाजार, दवाखाना, मोठी शाळा सगळं खाडीपलीकडे. रस्त्याने जायचं तर तोंडवलीच्या बाजूने मोठा वळसा पडतो, म्हणून सगळे होडीनेच जातात. ती होडी दाजींची. ते माझे नात्याने कुणी नव्हते, पण मला पहिलीत घालायला त्यांनीच पलीकडे नेलं होतं आणि दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढ्याचा पहिला तुकडा त्यांनीच माझ्या तोंडात कोंबला होता. उंच, काटकुळे, डोक्याला कायम पंचा. शिक्षण चौथीपर्यंत.

आमचं मतदान केंद्रही पलीकडच्या शाळेत होतं. मतदानाच्या दिवशी दाजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाडीला खाडीपार नेऊन आणत. त्या दिवशी कुणाकडून काही घेत नसत आणि कुठल्याही पक्षाचा झेंडा होडीला लावू देत नसत. एकाच फळीवर तीन पक्षांची माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसलेली असायची आणि कुणी तोंड उघडलं की दाजी ओरडायचे, "पाण्यावर राजकारण नाय! धक्क्यार उतरलास काय करा मारामारी." एकदा एक उमेदवार प्रचाराला येताना होडीतच भाषण करायला उभे राहिले. दाजींनी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. "सायबानु, बसा. पडलास तर पोटनिवडणूक लागतली, परत मीच माणसां व्हावूची!" उमेदवारसुद्धा हसले म्हणे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता : आपल्या विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास. मी इंटरनेटवरून निवडून आलेल्यांची यादी काढली. कोण, कुठल्या पक्षाचा, दुसरा कोण आला. पूर्वी आमचा मतदारसंघ मालवणच्या नावाने होता, पुनर्रचनेनंतर तो कुडाळचा झाला, हेही लिहिलं. सुंदर तक्ता केला, रंगीत रेघा मारल्या, आणि घरी आल्यावर होडीतच दाजींना वाचून दाखवला. ते वल्हवत ऐकत होते.

"नाव बदलला म्हणान खाडी आटली काय गो?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ही सगळी जिंकलेल्यांची नावां. आमी खंय आसव ह्येच्यात?"

मी परत तक्त्यात बघितलं, आमची वाडी त्यात कुठेच नव्हती. तेव्हा त्यांनीच सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या भरतीची वेळ येते. पुनवेला सव्वाअकरा, पंचमीला पावणेचार, आणि त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. दाजींना प्रत्येक विधानसभेच्या मतदानाची तिथी पाठ होती. आमदारांची नावं ते विसरत, पण तिथी नाही. "त्या वर्षाक पुनव होती. चारनंतर होडी हलाक नाय. तोंडवलीच्या बाजूक काजूच्या कारखान्यात गेलली बायलमाणसां कामावरसून इली, ती धक्क्यारच बसान ऱ्हवली. ह्यो तुझो तिसरो आमदार काय, तो पुनवेचो. त्येका आमच्या बायलमाणसांनी निवडूक नाय आणि पाडूक पण नाय."

मी निवडणुकांच्या तारखा घेऊन वाचनालयातल्या जुन्या पंचांगांशी ताडून बघितल्या. दाजींची एकही तिथी चुकली नव्हती. मग मी घरोघर विचारत फिरले, कुठल्या वर्षी कोण मत देऊ शकलं नाही. ज्या वर्षी संध्याकाळी खाडी कोरडी, त्या वर्षी आमची वाडी अर्धीच. माझ्या आजीने आयुष्यात दोनदाच मत दिलं होतं. हे मला माहीतच नव्हतं... मी तक्त्यात एक नवा रकाना ओढला आणि वर लिहिलं, "तिथी".

तो रकाना पुरा झाला तेव्हा मी दाजींना सहज विचारलं, "आणि तुमी कोणाक मत देत इलास?"

"ता कोणाक सांगतत काय?"

"पक्ष नको. नुसता सांगा, दिलास काय."

त्यांनी डोक्याचा पंचा सोडून परत बांधला. मग म्हणाले, "दिलंयच नाय, तर सांगतलंय काय?"

सगळ्या वाडीला मतदानाला नेणारा माणूस! ते शांतपणे म्हणाले, "मी होडी सोडून रांगेत उभो ऱ्हवलंय, तर हयल्या म्हाताऱ्यांका कोण नेतलो? म्हटला, मत शेवटाक देवया. शेवटाक एकतर पाणी जायत, नायतर शाळेचो दरवाजो बंद. एकदा तर दारात पोचलंय. शिपाय म्हणालो, टाइम संपलो आजोबा." आणि हसले. मला हसता आलं नाही. वाडीत केंद्र असतं तर त्यांना नुसतं अंगण ओलांडायचं होतं.

मॅडमनी प्रकल्प वाचला आणि मला बोलावून घेतलं. मला वाटलं, पंचांग घातलं म्हणून रागावतील. त्या म्हणाल्या की मतदाराला नदी किंवा खाडी ओलांडावी लागू नये असंच केंद्र ठरवताना बघायचं असतं, आणि लवकरच केंद्रांची प्रारूप यादी लागेल, तेव्हा हरकत घेता येते. "अर्ज कर," त्या म्हणाल्या. एवढंच. मी तो अर्ज नऊ वेळा लिहिला.

सुनावणीला तालुक्याच्या कार्यालयात आम्ही वाडीची वीसेक माणसं गेलो. खोलीत दाजी आणि मी, बाकीचे बाहेर व्हरांड्यात. दाजींनी धुतलेला सदरा घातला होता. आमच्याकडे माणूस घरात मालवणीत कितीही बोलला तरी कार्यालयात शुद्ध मराठीत बोलायला जातो. दाजींनी माझ्याकडून दोन वाक्यं लिहून घेऊन पाठ केली होती. पण घाटावरून बदलून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी "बोला आजोबा" म्हटलं आणि दाजी गप्पच झाले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी अर्ज पुढे केला.

आणि मग दाजींनी पिशवीतून नारळ काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला, डोक्याचा पंचा काढला, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा सरकारा म्हाराजा!"

बाहेरून वीस गळे एकदम, "व्हय म्हाराजा!"

"ही खाडीपलीकडची तुझी लेकरां आज तुझ्या दारात उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्सानुवर्सां चिखल तुडवून तुका मत देवक येतत, तेंच्या वाटेत जा काय पाणी आडवा येता, ता बाजूक कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मताची पेटी आमच्या दारात बसव रे म्हाराजा!"

या वेळी "व्हय म्हाराजा" खोलीतूनच आलं. कोपऱ्यातल्या टेबलावरचे कारकून हात जोडून उभे होते. ते इकडचेच, सवयीने तोंडून गेलं असणार. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं तसे ते चपापले. "हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. कारकून म्हणाले, "साहेब... हा अर्जच आहे. तोंडी."

मला वाटलं, संपलं सगळं. आता बाहेर काढतील. पण साहेबांनी नारळ उचलून दाजींच्या हातात परत दिला, म्हणाले, "हे मला घेता येत नाही," आणि माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला. तिथीचा रकाना दोनदा वाचला. "मी स्वतः येऊन बघतो. परवा चालेल? किती वाजता यावं?"

दाजींनी बोटांवर मोजलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, परवा प्रतिपदा. "चारांक... चार वाजता या, साहेब," दाजी अगदी शुद्ध मराठीत म्हणाले.

साहेब आले. जाताना होडी कशीबशी पोचली. वाडीत आमच्या अंगणवाडीची खोली बघून, घरं मोजून, चहा पिऊन साहेब निघाले तोवर खाडीत पाणी उरलं नव्हतं. मधोमध होडी रुतली. साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, एक बूट आतच राहिला, तो दाजींनी कोपरापर्यंत हात घालून काढून दिला. पलीकडच्या धक्क्यावर उभे राहून साहेब मागे वळून बघत होते... बराच वेळ. रात्री आईने दाजींना झापलं, "लाज नाय वाटाक? सायबाक फसवलास!" दाजी म्हणाले, "खोटा काय बोललंय? तेनी इचारला, कधी येव? मी सांगलंय, चारांक या. आमी इतकी वर्सां चारांकच जातव."

अंतिम यादी लागली तेव्हा आमच्या वाडीचं नाव त्यात होतं. अंगणवाडी, खोली क्रमांक एक. तिथे एकच खोली आहे, तरीसुद्धा क्रमांक एक.

मागच्या विधानसभेच्या दिवशी पंचमी होती. सकाळी दहाला सुकती. खाडी आटत चालली होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सात वाजायच्या आधीच रांग लागली होती. आजीला खुर्चीतून आणलं होतं. कामावर जाणाऱ्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या, मत देऊन तशाच जाणार होत्या. माझंही ते पहिलंच मत. दाजींना सगळ्यांनी सर्वांत पुढे उभं केलं. ते आत गेले. ती मशीनची लांब शिटी आम्हाला बाहेर ऐकू आली आणि रांगेतली सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली, तसे आतले कर्मचारी घाबरून दारात आले. दाजी बाहेर आले ते शाईचं बोट वर धरून, डोळे पुसत, आणि म्हणाले, "टाळ्यो कसल्यो वाजवतास? मतदान आसा काय लगीन?"

नंतर मात्र त्यांना काय करावं कळेना. मतदानाच्या दिवशी रिकामं बसायची त्यांना सवयच नव्हती. ओट्यावर बसले, उठले, परत बसले. बारानंतर पाणी चढलं आणि पलीकडच्या धक्क्यावरून हाका ऐकू आल्या. तिथे घर बांधून राहायला गेलेलं आमच्याच वाडीतलं एक कुटुंब होतं. त्यांची नावं अजून आमच्याच यादीत होती. "ओ दाजीनु! होडी हाडा! आमचा मतदान थंय इला मां!"

दाजी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि असे मोठ्याने हसले, की मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. "बघलास? आता ते येतत आमच्याकडे!" त्यांनी सगळ्या वाडीला ओरडून सांगितलं. मग होडी ढकलली. त्यांना लग्नाचं वऱ्हाड आणावं तसं घेऊन आले. पलीकडच्या माणसांनी उतरल्यावर चिखलाबद्दल कुरकुर केली, तर दाजी म्हणाले, "इतकी वर्सां आमी तुडवलाव. तुमचो आता पयलो दिवस."

फोन आला त्या दिवशी दाजी पहाटे झोपेतच गेले होते. त्रास झाला नाही.

गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताई यादीचं काम घेऊन बसल्या होत्या. मतदार यादीचं काम आमच्याकडे त्याच बघतात. दाजींचं नाव कमी करायचा अर्ज भरायला त्यांनी मला बोलावलं. दारात दोन-तीन बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, "ऱ्हवांदे गो. काय वाकडा होतला?" क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण दाजींनी स्वतःच्या बायकोचं नाव तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन कमी करून घेतलं होतं. मेलेल्याच्या नावावर दुसरं कुणी मत टाकेल, हे त्यांना चाललं नसतं.

मी मुलांच्या बुटक्या बाकावर बसून अर्ज भरला. भिंतीवर फळं, पक्षी, बाराखडी. दाराच्या चौकटीवर केंद्र क्रमांकाचा रंगवलेला चौकोन. नाव, वय, कारण : मृत्यू... तिथे थोडा वेळ लागला. पुढे ताईंनी केंद्राचा पत्ता सांगायला यादी उघडली, तर मी म्हटलं, "राहू दे ताई, मला पाठ आहे," आणि आमच्या वाडीचं नाव लिहिलं.