गुलाबी रंगवलेला विषाणू

मंगळवारी माझा भाऊ रेबीजने गेला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या पोटरीला कुत्रा चावला होता. आईने जखमेत तिखट भरलं. मी म्हटलं, “आधी इंजेक्शन घेऊन ये.” तो हसला. “ताई, तुझा वर्ग घरात नको भरवूस.” मी पुन्हा विषय काढला नाही.

आज बारावीच्या वह्या तपासताना एका मुलीने काढलेला तोच विषाणू समोर आला. बंदुकीच्या गोळीसारखा, गुलाबी रंगवलेला. खाली सुवाच्य अक्षरात होतं: आरएनए गट, फक्त जिवंत पेशीतच वाढतो. सगळं बरोबर, मीच शिकवलेलं. तरी ते पान टराटरा फाडावंसं वाटलं. विषाणूकडे वाढायला स्वतःचं फारसं काही नसतं. तो पेशीत शिरतो आणि पेशी आपलंच सामान वापरून त्याच्या प्रती काढत बसते. आम्ही रोज एकत्र जेवत होतो, तेव्हा तो मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत होता.

विषाणूवर चिडून उपयोग नाही, त्याला राग कळत नाही. आईला कळतो, म्हणून मी तो तिच्यावर काढते.

मुलीला पूर्ण गुण दिले. घरात आता आई आणि मी आहोत, आणि आम्ही कामापुरतंच बोलतो.