दुपारी उगवलेला चंद्र

काल फोनवर चंद्रोदयाची वेळ दुपारी बारा बावीस दिसली आणि उरणची आमची शाळा आठवली. चंद्र रोज कधी उगवतो, कधी मावळतो, ते महिनाभर वहीत लिहायचं होतं. मासळी विकणाऱ्या माझ्या आईला विचारून मी शुद्ध अष्टमीच्या चंद्रोदयापुढे ‘दुपारी’ लिहिलं. बाईंनी त्यावर लाल काट मारली आणि मी मनानेच काहीतरी लिहिलंय असं म्हणून आईला बोलावलं. दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून, रिकामी टोपली कडेला धरून ती शाळा सुटताना आली. “बाई, आज नवमी हाय. कालच्यापेक्षा पाऊन तास उशिरा उगवला असंल. बाहेर या ना.” सगळा वर्ग मैदानात धावला. थंडीतल्या निळ्या आभाळात, माडांच्या वर, पांढराफटक चंद्र स्वच्छ दिसत होता. बाईंनी चंद्राकडे पाहिलं आणि माझी वही मागितली. मग त्यांनी स्वतःची लाल रेघ खोडली आणि आईला म्हणाल्या, “तुम्हीच सांगा मुलांना, कसं ओळखता?” “चांदावर खाडीचं पानी चढतं-उतरतं, आनि पान्यावर आमची होडी जाते. ओळखायलाच लागतं.” आई बोलत होती आणि मी शेजारच्या मुलींना सांगत होते, “माझी आई आहे ती,” जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढे मला बक्षिसं मिळाली, पण तितक्या ताठ मानेने मी पुन्हा कधी घरी गेले नाही.