दोन कंसांमधला मजकूर

वेलांटीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासताना त्यांनी ऱ्हस्व-दीर्घावरून सगळ्यांना हैराण केलं, म्हणून ते चिकटलं. छापील अंक बंद होऊन सगळं वेबसाइटवर गेलं तेव्हा बरोबरीचे घरी बसले. काकांनी मात्र पंचावन्नाव्या वर्षी नवी विद्या शिकून घेतली. शब्द नव्हे, शब्दाचा साचाच कॉम्प्युटरला सांगायचा. खुणांची एक ओळ लिहिली की हजारो पानांतल्या चुका एका दमात दुरुस्त.

एके दुपारी संपादक म्हणाले, "निधनवार्तांमधलं कंसातलं वय काढून टाका. आता त्याला वेगळा रकाना आहे."

काकांनी साचा लिहिला: उघडता कंस, मधे काहीही, मिटता कंस. दोन-तीन बातम्यांवर करून पाहिला, ठीक वाटला. मग चार हजार बातम्यांवर फिरवला.

तीन आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला. "माझ्या वडिलांच्या बातमीत नुसतं नाव आणि पुढे 'असा परिवार आहे' एवढंच उरलंय."

काकांनी पान उघडलं. बातमीत कंस दोनदा होते, आधी वयाला, शेवटी जावयाच्या हुद्द्याला. पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंतचं सगळं गेलं होतं. जवळच्याच मिटत्या कंसाशी थांब, असं कॉम्प्युटरला सांगणारं एक प्रश्नचिन्ह काका साच्यात घालायला विसरले होते. निम्म्याअधिक बातम्यांची तीच गत. कॉम्प्युटरवर जुन्या प्रती आठवडाभरच ठेवत, आणि कागदावर तर हे कधी छापलंच नव्हतं.

"जुनं कोण वाचतंय, काका? राहू द्या," संपादक म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

काका जेवणाच्या सुट्टीत एकेका घरी फोन लावू लागले. बरेच नंबर बंद होते. त्या बाईंना ते म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

"तेव्हा सगळं आईनं सांगितलं होतं. कुठल्या शाळेत शिकवलं, किती वर्षं. आता आईही नाही."

"आठवेल तेवढं सांगा."

"रागीट होते," बाई म्हणाल्या. "हे नका लिहू."

वर्षभरात एकसष्ट बातम्या भरून झाल्या. मग वाचक नाहीत म्हणून निधनवार्तांचा विभागच साइटवरून काढला आणि काकांना जाहिराती तपासायला बसवलं.

पुढे महिन्याभराने बाईंचा फोन आला. त्यांना वडिलांच्या शाळेचं नाव आठवलं होतं. पान आता नाही, हे सांगायला काकांची जीभ रेटेना. त्यांनी एकेक अक्षर विचारून नाव नीट कागदावर उतरवलं.

"घालाल ना?" बाईंनी विचारलं.

"लिहून घेतलंय," काका म्हणाले.