शिनोलीत न मिळालेली सही

घोडेगावला एसटीत खिडकी मिळाली आणि मी फाइल उघडली. शिनोलीच्या बबनरावांना पोटातल्या नळीतून घरीच डायलिसिस चालू होतं आणि त्यांच्या पत्नी कमलबाई ते करत होत्या. पुण्याहून नर्स म्हणून जाऊन मी पाहणी करायची आणि ‘सर्व सूचना समजल्या’ या कागदावर त्यांची सही आणायची, एवढंच काम. फाइलच्या नादात एक थांबा आधीच उतरले. भातखाचरांच्या बांधावरून, चिखलानं जड झालेल्या चपला ओढत घर गाठलं.

कमलबाईंनी आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. ते पिऊन मी इंग्रजी कागद पुढे केला.

“काय लिवलंय, ताई?”

मी आमच्या दवाखान्यानं केलेलं भाषांतर वाचलं. “निचरा झालेला द्रव अपारदर्शक आढळल्यास तत्काळ संपर्क साधावा.”

“हे बी इंग्रजीच की! समजलंच न्हाई, तर सही कशाला करू?”

“सगळेच करतात हो.”

“करू देत. उद्या यांना काय झालं, तर तुमीच म्हणणार, बाईला समजलं व्हतं, ही बघा सही.”

मी कागद बाजूला ठेवला. “पोटातलं पाणी गढूळ निघालं, तर लगेच फोन करायचा.”

त्यांचा चेहरा उतरला. “कालपासनं ताकावानी येतंय. मला वाटलं, आतली घाण निघतीया, बरंच झालं.”

पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी पाहिली. पोटात जंतुसंसर्ग होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही बबनरावांना मंचरच्या रुग्णालयात नेलं. “आज आणलंत म्हणून बरं,” डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात पुण्याच्या आमच्या दवाखान्यातून साहेबांचा फोन. “सही झाली?”

“नाही. घेणारही नाही.”

बबनराव उठून बसल्यावर मी एकेक सूचना समजावली आणि कमलबाईंनी ती आपल्या शब्दांत सांगितली, तशीच लिहून घेतली. पहिली ओळ: ‘पाणी ताकावानी आलं, तर थांबू नगा, फोन लावा.’ पुण्यात साहेबांनी ती वाचली. “ही काय भाषा? शुद्ध करून आणा.”

“एका शब्दालाही हात लावणार नाही. अशीच छापा.”

ते अजून छापत नाहीत. मी हातानं लिहून घरोघरी देते. इतकी वर्षं “समजलं ना?” विचारायचे, माना हलल्या की निघायचे. आता म्हणते, “तुम्ही मला सांगा,” आणि सांगून होईपर्यंत उठत नाही.