अकरावा क्रॉस

मिस ग्वेन प्रॉबर्ट, वय सत्त्याऐंशी. त्यांच्यावर अन्याय झाला रिमेंबरन्स संडेला, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या रविवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. तो मी केला. म्हणून नावानिशी आणि वेळेनिशी लिहिते आहे.

तेव्हा मी ब्रिटिश आर्मीत लान्स कॉर्पोरल होते, साध्या शिपायाच्या एक पायरी वर. पोस्टिंग कार्डिफजवळच्या बॅरॅक्समध्ये. कुलकर्णी म्हणणं कुणाला जमत नसे, म्हणून सगळ्यांची कुल्ली. दर नोव्हेंबरला आमच्या रेजिमेंटचं एक काम असे. रोलवरच्या, म्हणजे मृतांच्या अधिकृत यादीतल्या, प्रत्येक सैनिकाच्या नावाचा वीतभर लाकडी क्रॉस मेमोरियलसमोरच्या लॉनवर रोवायचा. दहा-दहाच्या ओळी, दोरी धरून, परेडसारख्या सरळ.

शनिवारी दुपारी तीनला मिस प्रॉबर्ट गेटवर आल्या. पर्समधून एक क्रॉस काढला. घरी केलेला, बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच. त्यावर नाव होतं प्रायव्हेट विल्फ प्रॉबर्ट. त्यांचे काका. पहिल्या महायुद्धात पळून गेल्याचा ठपका, कोर्ट मार्शल, आणि एका पहाटे त्यांच्याच बटालियनच्या पोरांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय वीस. रेजिमेंटच्या रोलवर त्यांचं नाव कधी चढलंच नाही.

"कुठेही लाव, लव्ह. कडेलासुद्धा चालेल," त्या म्हणाल्या. "उद्या असेल ना इथे?"

"असेल, मॅम."

शेवटच्या ओळीच्या टोकाला मी तो रोवला.

रविवारी नऊ पस्तीसला सार्जंट इन्स्पेक्शनला आला. ओळीच्या टोकाशी बसून त्याने एक डोळा मिटला.

"कुल्ली, ही ओळ आहे की तुझ्या आईची कपडे वाळत घालायची दोरी? हा अकरावा कोण?"

"प्रायव्हेट प्रॉबर्ट, सार्ज."

"रोलवर आहे?"

"नाही. आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या त्याला."

तेवढ्यात त्याचा रेडिओ बोलला. "कर्नल पाच मिनिटांत. लॉन तयार? ओव्हर."

"तयार. आउट." मग माझ्याकडे न बघता, "काढ तो."

"सार्ज, माफी मिळालीय त्याला."

"माहितीय मला. ओळ दहाची असते. काढ."

नऊ चाळीस. मी तो उपटला, कोटाच्या आतल्या खिशात घातला, लॉनला पडलेलं भोक बुटाने दाबलं.

दहा पन्नासला मिस प्रॉबर्ट आल्या. शेवटच्या ओळीच्या टोकाशी गेल्या. थांबल्या. मग पहिल्या ओळीपासून वाकून एकेक नाव वाचायला लागल्या. अकराला दोन मिनिटांची शांतता सुरू झाली तेव्हा त्या सातव्या ओळीत उभ्या होत्या. मी दहा पावलांवर, अटेन्शनमध्ये. क्रॉसचं टोक बरगडीला टोचत होतं. काही वाटलं नाही. खरंच नाही. परेड अकरा पंचवीसला सुटली, तोवर त्या निघून गेल्या होत्या.

गुरुवारी सुटी घेऊन त्यांच्या फ्लॅटवर गेले. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या हातातल्या क्रॉसकडे बघितलं.

"परत बाहेर काढलं वाटतं त्याला."

"ऑर्डर होती, मॅम."

"असणारच. त्या पोरांनाही ऑर्डरच होती, लव्ह." मग म्हणाल्या, "आत ये. चहात साखर किती?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

या देशात खुनासाठीची फाशी साठच्या दशकात थांबली. पळून जाणाऱ्या सैनिकाचा मृत्युदंड त्याआधीच, १९३० मध्ये गेला. पण काही लष्करी गुन्ह्यांसाठी तो १९९८ पर्यंत कायद्यात बसून होता. म्हणजे मी जन्मले तेव्हा होता. २००६ मध्ये विल्फसारख्यांना माफी मिळाली. त्याच कायद्यात लिहिलंय की दोष आणि शिक्षा मात्र जशीच्या तशी. माफ केलं, पण तू दोषीच! मी तीनदा वाचलं. तुम्हीही वाचा.

दंड संपला, ओळ दहाचीच राहिली. ती मोडायला ना संसद लागते ना कोर्ट. लागतो फक्त नाही म्हणणारा एक लान्स कॉर्पोरल. तो त्या दिवशी नव्हता.

मिस प्रॉबर्ट पुढच्या वसंतात गेल्या. मी आर्मी सोडली. रोलवर विल्फचं नाव यावं म्हणून रेजिमेंटला पत्रं लिहिते. उत्तरं फार नम्र येतात. क्रॉस त्यांनी मलाच ठेवायला सांगितला होता; तो माझ्याकडे आहे.

आता तुमच्याशी बोलते, या देशातल्या मराठी माणसांनो. लेस्टर, एडिनबरा, जिथे असाल तिथे. हे आपलं नाही म्हणू नका. इथे राहता, इथे मत देता. येत्या नोव्हेंबरला गावातल्या मेमोरियलपाशी जा. ज्यांना आपल्याच सैन्याने मारलं त्यांची नावं इथे आहेत का, ते कौन्सिलला विचारा. नसतील तर का नाहीत, ते लेखी मागा. तुमच्या एमपीलाही लिहा. आणि अकरा वाजता सगळे गप्प होतील, त्याच्या आधी एक नाव मोठ्याने घ्या.

प्रायव्हेट विल्फ प्रॉबर्ट. वय वीस.

घ्या.