घासलेटात फुगलेला रूळ

उस्मानभाई गेल्याचं आमच्या ह्यांनी सांगितलं, तेव्हा मी प्रुफं तपासत होते. ऐकलं आणि पुढची ओळ वाचली. मग तीच ओळ पुन्हा... आमच्या छापखान्याचा मशीनमन गेला आणि मला रडू येण्याआधी एक जुना प्रश्न आठवला. याला आता काही आठवडे झाले. रडून झालं, प्रश्न तसाच आहे.

लढाईच्या काळात रबरी रूळ मिळेनासे झाले. खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या अक्षरांवर, शाई फिरवायला रूळ नसेल तर यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. मग उस्मानभाईंनी मागच्या अंगणात चूल मांडली. सरस आणि गूळ एकत्र शिजवायचा, पत्र्याच्या नळीत ओतायचा, गार झाला की झाला रूळ. वास असा, की शेजारीण दार लावून घ्यायची. उन्हाळ्यात हे रूळ पाघळत, पावसाळ्यात चिकटत, मुंग्या तर बारमाही. पाक बिघडला की उस्मानभाई गुळाला, सरसाला आणि सरकारला शिव्या घालत. स्वतःला कधीच नाही. पण छापखाना तगला तो त्यांच्या जिवावर, आणि हे ते आम्हाला विसरू देत नसत. सरसाला पाणी चालत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ते घासलेटाच्या बोळ्याने रूळ पुसून मगच घरी जात.

लढाई संपली आणि मुंबईहून रबरी रूळ आला. आणणाऱ्याने बजावलं, याला घासलेट लावू नका, रबर फुगतं. उस्मानभाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी रूळ घासलेटात भिजलेल्या फडक्यात गुंडाळलेला सापडला, फुगून पार वेडावाकडा. तरी लावून पाहिला, तर लग्नपत्रिकेवर नवरीच्या नावाच्या जागी नुसता डाग उमटला. हे संतापले, त्यांना कामावरून काढायलाच निघाले. मी मध्ये पडले. म्हटलं, वर्षानुवर्षांची सवय, हात गेला असेल. "चुकूनच झालं ना, उस्मानभाई?"

"तुमी म्हनता तसंच, वहिनी," ते म्हणाले.

ते राहिले. चूल पुन्हा पेटली आणि ढवळता ढवळता ते चक्क शीळ घालू लागले. मी गोंधळले. सवय होती रूळ पुसायची. गुंडाळून ठेवायची कुठे होती? रबर आलं की त्यांच्या पाकाची किंमत संपणार, हे त्यांना कळत होतं का? पण पुढे दुसरा रबरी रूळ आला, त्याला त्यांनी साबणाच्या पाण्याशिवाय काही लागू दिलं नाही. मग मला काहीच कळेना. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या बायकोने, भाभींनी, मला जवळ बसवून घेतलं.

"वहिनी, एक इचारू? त्यो रूळ त्यांनी मुद्दाम बिघडवला व्हता का?"

मी चमकले. "तुम्हाला काय म्हणाले ते?"

"मी लई येळा इचारलं. म्हनायचे, वहिनींना समदं ठाऊक हाय. ठाऊक असूनबी त्यांनी मला ठेवून घेतलं."

म्हणजे दर ईदला शीरखुर्म्याचं पहिलं भांडं आमच्या घरी यायचं, ते यासाठी? इतकी वर्षं हा माणूस माझ्या ज्या मोठेपणाचे उपकार मानत होता, तो माझ्याकडे नव्हताच. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे...

भाभी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हो," मी म्हणाले, "मला ठाऊक होतं."

काय ठाऊक होतं, ते त्यांनी विचारलं नाही. पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला उठल्या.